काकूंची जांभई

सरांच्या पुस्तकांचं गुपित काय, असं कोणी विचारलं असतं तर खरं उत्तर एकच होतं : काकूंची जांभई. हे सरांना माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आणि तिसऱ्या कोणाला कळावं अशी सरांची काही इच्छा दिसत नव्हती.

सर इतिहासाचे. कॉलेजातून निवृत्त झाले तरी सगळी गल्ली त्यांना सरच म्हणायची, आणि म्हणून त्यांची बायको सगळ्यांची काकू. हजारो वर्षांपूर्वी नदीच्या गाळाखाली गाडलं गेलेलं एक शहर होतं, त्या शहरात सरांनी उभा जन्म काढला. म्हणजे राहायचे इथेच, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण विचाराल तर गल्लीतल्या दुकानदाराचा चेहरा आठवायचा नाही आणि तिथल्या कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा डोळे मिटून काढून दाखवतील.

लग्न झालं तेव्हा सरांचा एक जाडजूड ग्रंथ छापून झाला होता. तो एकूण चौघांनी वाचला होता. त्यातले दोघे परीक्षक, म्हणजे त्या बिचाऱ्यांना पळून जायची सोयच नव्हती. मग एक प्रकाशक भेटला. म्हणाला, "सर, एवढं तुम्हाला माहीत आहे, तर ते जरा माणसांसाठी लिहा की." सरांना राग आला, पण लिहायला बसले. पहिलं प्रकरण झालं तसे कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. काकू तेव्हा कसल्या काकू, नवीन लग्न झालेली मुलगी, खाली मान घालून मटार सोलत होती.

"ऐक," म्हणाले, आणि सुरू झाले. विटांची लांबी, विटांची रुंदी, विटांची जाडी. भिंतींची दिशा. पहिला थर, दुसरा थर. दुसऱ्या थरापर्यंत तिने तग धरला. मग जी जांभई आली ती लपवता येण्यासारखी नव्हतीच. चांगला जबडा वासून, डोळ्यांत पाणी आणणारी.

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कळतंय का काही?"

"कळतंय की. विटा आहेत." तिने डोळे पुसले. "पण अहो, त्या घरात कोणी राहत होतं की नाही?"

सर कागद आपटून निघून गेले. जेवतानाही तोंड फुगवून बसले. पण माणूस हुशार होता, हे कबूल करायलाच हवं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच प्रकरण नव्याने लिहून आणलं. त्यांच्या ग्रंथात अगदी शेवटी, बारीक टाइपात, एक तळटीप होती : काही विटांवर कुत्र्याच्या पायाचे ठसे आढळतात. तीच तळटीप आता पहिल्या वाक्यात आली होती. वीट ओली होती, आणि कुत्रं हाकललं तरी जात नव्हतं.

तिचे हात थांबले. शेंग अर्धी उघडीच राहिली. "मग?" तिने विचारलं.

त्या "मग?"वर पुढची सगळी पुस्तकं उभी राहिली. पद्धतच पडून गेली. संध्याकाळी काकू भाजी निवडायला बसल्या की सर स्टूल ओढून समोर बसायचे, कानावर पेन्सिल, मांडीवर कागद. काकूंना जांभई आली की त्या ओळीशी पेन्सिलीने फुली. फुली आली की तो मजकूर गेला, मग तो लिहायला महिना लागलेला का असेना. काकूंचे हात थांबले की ते पान जसंच्या तसं ठेवायचं. आणि काकूंनी काही विचारलं की समासात टिपून घ्यायचं, कुरकुरत.

कारण काकूंचे प्रश्न म्हणजे डोक्याला ताप. सरांनी विहिरीवर एक प्रकरण लिहिलं होतं. खोली, घेर, दोराने झिजलेली कड, सगळं बिनचूक. काकू म्हणाल्या, "ती साफ करायला आत कोण उतरायचं हो?"

"कोणीतरी उतरत असेल."

"कोणीतरी म्हणजे? त्याची बायको वर उभी राहून हाका मारत असेल ना?"

सर वैतागले, उठून गेले, पण दुसऱ्या दिवशी पुस्तकं धुंडाळायला लागले. त्यात त्यांचा वर्षभराचा वेळ गेला. विहिरीच्या आतल्या विटांमध्ये पाय रोवायला सोडलेल्या खाचा, तळाशी सापडलेलं एक फुटकं मडकं, एवढ्यावरून त्यांनी जो माणूस उभा केला, तो विहिरीतला माणूस पुढे शाळेच्या पुस्तकात गेला. पोरं त्याच्यावर निबंध लिहायला लागली. लोक सरांना रस्त्यात थांबवून सांगायचे, "सर, ते वाचताना अंगावर काटा आला." सर मान डोलवायचे.

काकूंचं म्हणाल तर त्या सुखात होत्या. खोटं कशाला बोला. त्यांनी ते शहर कधी पाहिलं नव्हतं. सर दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन जायचे, पण आधी मुलगी लहान होती, मग तिची परीक्षा होती, मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. राहूनच गेलं. तरी त्या शहराच्या गल्ल्या काकूंना पाठ होत्या. दुकानातून पिशवी घेऊन येताना मनातल्या मनात तिथल्या कोपऱ्यावर वळायच्या. तिथल्या बायका त्यांना शेजारणींसारख्या वाटायच्या, आणि शेजारणींपेक्षा बऱ्या, कारण त्या उसनं काही मागायला येत नव्हत्या.

लेक मात्र चिडायची. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती, फोनवर म्हणायची, "आई, एवढी पुस्तकं झाली. एकात तरी तुझं नाव आहे का गं?"

"माझं नाव कशाला? मी काय लिहिलंय?"

"विहिरीतला माणूस कोणाचा?"

"जाऊ दे गं," काकू म्हणायच्या. फोन ठेवल्यावर मात्र जरा वेळ तिथेच उभ्या राहायच्या. हवं होतं त्यांना. नाव नको, पुस्तकात नको, पण एकदा चारचौघांत सरांनी म्हणावं : हे हिने विचारलं होतं. बस, एवढंच. जास्त काय मागितलं होतं बाईने?

मग सरांचा मोठा सत्कार झाला. सभागृह गच्च भरलेलं, काकू पहिल्या रांगेत, ठेवणीतले कपडे घालून, गुडघे दुखत होते तरी ताठ बसलेल्या. सर बोलायला उभे राहिले. बोलायचे छानच. म्हणाले, "हा विहिरीतला माणूस तुम्हाला सुचला कसा, असं सगळे मला विचारतात."

काकूंनी पदर सारखा केला. आलं, त्यांना वाटलं, आता आलं.

"असल्या गोष्टी सुचतात त्या एकांतात," सर म्हणाले. "पहाटे, सगळं जग झोपलेलं असताना. सुचणं अवघड नसतं. अवघड असतं ते सोपं करून सांगणं. त्यासाठी माझ्या घरी एक मोजपट्टी आहे. माझी बायको." लोक कौतुकाने काकूंकडे वळले. "तिला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून मी लिहिलेलं आधी तिला वाचून दाखवतो. तिला कळलं, की मी समजतो, आता हे दगडालाही कळेल!"

सभागृह खो खो हसलं. टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी काकूंचा हात दाबला आणि म्हणाल्या, "किती गोड बोलतात हो!" काकूही हसल्या. काय करणार? पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला रडता येत नाही.

घरी येताना सरांनी विचारलं, "कसं झालं भाषण?"

"छान झालं," काकू म्हणाल्या.

सरांचं पुढचं पुस्तक त्या शहरातल्या बायकांवर होतं. घराघरात दळायचे दगड सापडले होते. खाली एक सपाट दगड, वर दुसरा, तो गुडघ्यांवर बसून पुढे मागे ढकलायचा. या बायकांवर लिहायचं सरांच्या मनात फार वर्षांपासून होतं. हे आपलं सगळ्यात मोठं पुस्तक होणार, असं म्हणायचे. एका संध्याकाळी नेहमीसारखं स्टूल ओढलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि पहिलं प्रकरण वाचायला घेतलं.

दुसऱ्याच पानावर काकूंना जांभई आली. दगडांची लांबी, दगडांचं वजन, कुठल्या डोंगरातून आणले. पुन्हा तेच, पहिल्या ग्रंथातलं. कोणी टोकलं नाही की पुन्हा विटांकडे जायचं, ही सरांची जुनी खोड. काकूंनी ओठ घट्ट मिटले आणि जांभई आतल्या आत गिळली. नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही.

"कसं वाटलं?"

"छान आहे."

"कुठे अडकलीस?"

"कुठेच नाही."

सरांनी पेन्सिल हातात घेतली होती, ती परत कानावर ठेवली. खूश झाले. "बघ, आता मला जमायला लागलं!"

त्या दिवसापासून काकू मूग गिळून बसल्या. एका प्रकरणामागून दुसरं आलं, काकूंचं ठरलेलं : छान आहे. हे सोपं नव्हतं. प्रश्न काय सांगून येतात? घशाशी यायचे. बाळ रडायला लागलं तर दळण अर्धं टाकून उठायच्या का? दोघी जावा एकाच दगडावर बसायच्या की भांडायच्या? आणि एवढा वेळ गुडघ्यांवर बसून उठताना कशाला धरायच्या? काकू स्वतः आता टेबलाचा कोपरा धरल्याशिवाय उठू शकत नव्हत्या. पण जिला ओ की ठो कळत नाही तिने कशाला तोंड उघडायचं? त्या बायका सरांच्या कागदावर तशाच पडून राहिल्या, ओळीने, मोजमापं लावलेल्या. त्यांच्याकडे बघून काकूंना वाईट वाटायचं. राग नवऱ्यावर, आणि शिक्षा त्या बिचाऱ्यांना. तरी त्यांनी माघार घेतली नाही.

एकच ठरवलं होतं मनाशी. सरांनी एकदा विचारावं, तुला झालंय काय? बस, मग सगळं सांगून टाकायचं.

लेकीला त्यांनी फोनवर सभागृहातलं सांगितलं, जांभयांचं सांगितलं नाही. लेक भडकली. "तू बोल ना बाबांशी!"

"मी बोलणार नाही."

"मग मी बोलते."

"खबरदार!" काकू म्हणाल्या, पण लेक कोणाची? फोन आपटला तिने.

पुढच्याच आठवड्यात, त्या दिवसाचं प्रकरण संपल्यावर, सर लगेच उठले नाहीत. कागद मांडीवर तसेच. काकूंकडे बघत राहिले.

"काही विचारायचं नाही तुला?"

काकूंचा हात शेंगेवर थांबला. गुडघे, त्यांच्या जिभेवर आलं. आता पुढचं विचारा, मनात म्हणाल्या, का नाही विचारायचं ते विचारा.

"नाही," त्या म्हणाल्या.

सरांनी घसा खाकरला. काहीतरी बोलणार असं वाटलं. पुन्हा खाकरला. तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आला. जुना प्रकाशक गेला होता. आता त्याचा मुलगा बघायचा, आणि सरांनी धोब्याचा हिशेब पाठवला असता तरी त्याने छापला असता. सर फोन घेऊन बाहेर गेले आणि जाताना स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. असं ते कधी करत नसत. आतून काकूंना एवढंच ऐकू आलं, "अगदी पहिल्या पानावर," आणि मग सरांचं हसणं. काकूंना वाटलं, चालली असेल माझीच थट्टा. उरलेला मटार त्यांनी दाणकन भांड्यात ओतला.

पुस्तकं छापून आली तेव्हा खोकं सरांनी स्वतः उघडलं नाही. काकूंच्या पुढ्यात ठेवलं. "तू उघड."

"मी कशाला?"

"उघड तर."

काकूंनी वरचं पुस्तक काढलं, उघडलं. नावाच्या पानानंतरचं पान, आणि त्यावर मधोमध चार ओळी.

माझ्या पत्नीस.
या शहरातल्या माणसांना मी फक्त खणून काढलं.
तिने विचारलं, म्हणून ती माणसं बोलली.
या पुस्तकातला प्रत्येक प्रश्न तिचा आहे.

काकूंना अक्षरं दिसेनाशी झाली. सर समोर उभे, हात मागे बांधून, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. म्हणाले, "त्या दिवशी सभेत मी जे बोललो ना... लेकीने चांगलं झापलं मला. तोंडाने सांगायला मला जमलं नसतं गं. म्हणून म्हटलं, छापूनच टाकावं. कायमचं."

काकूंनी पदराने डोळे पुसले. सरांना वाटलं, गहिवरली. गहिवरल्या होत्याच, पण नुसत्या गहिवरल्या नव्हत्या. या पुस्तकातला प्रत्येक प्रश्न! साऱ्या पुस्तकांत हे एकच होतं ज्यात त्यांचा एकही प्रश्न नव्हता. अहो, त्या विहिरीच्या पुस्तकावर लिहायचं होतं ना हे! किंवा आधी सांगायचं होतं. किंवा आपण तरी, आपण तरी एकदा तोंड उघडायचं होतं.

पुस्तक पडलं. पडलं म्हणजे सपशेल. आधी कोणी काही बोललंच नाही, ते सरांना जास्त लागलं. मग एका मोठ्या वर्तमानपत्रात अर्धं पान आलं. दगडांची माहिती भरपूर, असं लिहिलं होतं, पण त्यांवर दळणारी बाई कुठेच नाही. आणि शेवटी : "पुस्तकातला प्रत्येक प्रश्न पत्नीचा असल्याचं लेखकाने सुरुवातीलाच सांगितलं आहे. आधीची पुस्तकं त्यांनी स्वतःच्या प्रश्नांवर लिहिली होती. तेच बरं होतं."

गल्लीत बातमी पसरायला वेळ कशाला लागतो? दुकानदार सुटे पैसे देताना म्हणाला, "काकू, तुमचं नाव पेपरात आलं म्हणे!" सरांचे कॉलेजातले एक जुने मित्र घरी आले, पाय पसरून बसले आणि डोळे मिचकावत म्हणाले, "काय सर, बायकोच्या नादी लागलात, बघा काय झालं!"

सर ताडकन उठून उभे राहिले. इतकं चिडलेलं काकूंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तिचं नाव काढायचं काम नाही," सर म्हणाले. "मला जेवढं कळतं ना, त्याच्या दुप्पट तिला कळतं." मित्र चपापले. चहा अर्धा टाकून गेले.

असंच काहीतरी तर ऐकायचं होतं. चारचौघांत नाही, एकासमोर का होईना, पण म्हणाले. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या, आणि त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी सर स्वयंपाकघरात आले, हातात ते पुस्तक. स्टूल ओढलं. काकू मटार सोलत होत्या. सरांचा चेहरा उतरला होता, पण आवाज साधा होता. "त्या पेपरवाल्यांना काय कळतं? तू म्हणालीस ना छान आहे? मग छान आहे. मी आजवर तुझंच ऐकलंय, त्यांचं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तरी पण एकदा वाचतो. कुठे चुकलं असेल तर तूच सांगशील."

"आज नको," काकू म्हणाल्या. "अहो, खरंच नको. दमलाय तुम्ही."

"दोनच पानं."

आणि वाचायला लागले. दगडाची लांबी. दगडाची रुंदी. कुठल्या डोंगरातला. काकूंनी दात घट्ट आवळले. सरांकडे बघायचंच नाही, शेंगांकडे बघायचं, असं ठरवलं. ओठ मिटले, श्वास धरला. जांभई काय कोणाच्या बापाचं ऐकते? आली. पहिल्या दिवशी आली होती तशीच, चांगला जबडा वासून, डोळ्यांत पाणी आणणारी.

सर वाचता वाचता थांबले. हात सवयीने कानावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"पहिल्यांदा वाचलं होतं," त्यांनी विचारलं, "तेव्हाही आली होती?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं. एवढी प्रकरणं बोलल्याच होत्या. पण आता नाही जमलं.

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"मग मला..." काकू वाट बघत होत्या. ओरडा माझ्यावर, त्यांना वाटलं, भांडा, भांडी आपटा, का असं केलंस म्हणून विचारा. विचारा ना एकदा.

सरांनी काही विचारलं नाही. पेन्सिल काढली. काकूंना वाटलं, नेहमीसारखी त्या ओळीशी फुली करतील. सरांनी पानं मागे उलटली, नावाच्या पानापर्यंत, त्याच्या पुढच्या पानापर्यंत. त्या चार ओळींवर त्यांनी सावकाश एक फुली मारली. पुस्तक मिटून शेंगांशेजारी ठेवलं, त्यावर पेन्सिल ठेवली, स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि बाहेरच्या खोलीत गेले.

काकूंनी पुस्तक हलवलं नाही. आणखी थोडा मटार सोलला. मग टेबलाचा कोपरा धरून उठल्या, दारापर्यंत गेल्या. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "त्या बायकांचे गुडघे दुखले तर त्या कशाला धरून उठायच्या हो?"

सरांनी मागे वळून पाहिलं नाही.